मर्सिडीजचं नाव कुठल्या वर्षांत कमावलं गेलं आणि कुठल्या वर्षांत खर्ची पडलं

प्रश्न असा आहे: बारा-तेरा वर्षं जुनी डिझेल ई-क्लास बऱ्या किमतीत मिळते आहे. वडील म्हणतात, मर्सिडीज आहे ना, मग डोळे झाकून घे, पिढ्यान्पिढ्या चालेल. मित्र म्हणतो, पांढरा हत्ती दारात बांधू नकोस. कंपनीचं एवढं नाव झालं कशामुळे, आणि त्यातलं आज किती शिल्लक आहे?

जर्मन गाड्यांची कामं करण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली, पुण्यातच. त्या अनुभवावरून सांगतो: वडील आणि मित्र दोघंही खरं बोलताहेत, फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळ्या सालच्या गाड्या आहेत. मर्सिडीजला 'अखंड टिकणारी गाडी' हे नाव मिळवून दिलं ते साधारण १९९५ पर्यंतच्या गाड्यांनी. पुढची दहा-बारा वर्षं कंपनी त्या पुण्याईवर जगली आणि बरीचशी पुण्याई संपवलीही. नंतर ती सावरली, पण सावरल्यानंतरची गाडी वेगळ्या जातीची आहे. त्यामुळे 'मर्सिडीज चांगली का' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कुठल्या सालची आणि कुठल्या इंजिनाची, ते सांगा, मग बोलता येतं.

आता इतिहास. तो मुळापासून सांगतो, कारण नावलौकिक नेमका कशाचा आहे याबद्दल आपल्याकडे बराच गोंधळ आहे.

मॅनहाइमच्या कार्ल बेंझ यांना २९ जानेवारी १८८६ या तारखेचं ३७४३५ क्रमांकाचं पेटंट मिळालं. तीन चाकं, एक सिलिंडर, ९५४ सीसी आणि ताकद जेमतेम पाऊण अश्वशक्ती. गाडी होती, पण ती घ्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बर्था यांनी नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, ऑयगेन आणि रिशार्ड या दोन मुलांना बसवलं आणि शंभरेक किलोमीटरवरचं माहेर, फोर्ट्सहाइम, गाठलं. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी हॅटच्या पिनेने साफ केली. इग्निशनच्या उघड्या पडलेल्या तारेवर मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. इंधन संपलं तर वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं लिग्रोइन विकत घेतलं. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली, ही तक्रार त्यांनी परत आल्यावर सांगितली आणि बेंझ यांनी चढासाठी आणखी एक गिअर दिला. रस्त्यावर गाडी चालवून तिचे दोष शोधायचे आणि कारखान्यात परत जाऊन ते दुरुस्त करायचे, ही या कंपनीची पुढच्या शंभर वर्षांची रीत. ती घालून दिली बर्थाबाईंनी, आणि म्हणून त्यांना मी बेंझ यांच्या बरोबरीने मानतो.

त्याच सुमारास तिकडे स्टुटगार्टजवळच्या कानष्टाटला गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख हलकं, जोरात फिरणारं इंजिन बनवत होते. १८९० मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली. नीस शहरात राहणारा एमिल येलिनेक हा व्यापारी त्यांचं मोठं गिऱ्हाईक. त्याने १९०० मध्ये एकदम ३६ गाड्यांची मागणी नोंदवली आणि अट घातली, की नव्या इंजिनाला माझ्या मुलीचं नाव द्या. मुलीचं नाव मर्सिडीज. मायबाख यांनी त्यासाठी बनवलेली ३५ अश्वशक्तीची गाडी बुटकी आणि लांब होती. तिच्या पुढच्या रेडिएटरमध्ये ८०७० बारीक नळ्या होत्या. घोड्याविना धावणारी बग्गी आणि आपण ज्याला मोटार म्हणतो ती वस्तू, यांच्यातली रेषा या गाडीपाशी ओढता येते. तीन टोकांचा तारा १९०९ मध्ये नोंदवला गेला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पैशाला किंमत राहिली नाही आणि बेंझ व डाइमलर या दोन्ही कंपन्यांना एकेकटं तगणं जमेना. १९२६ मध्ये त्या एक होऊन डाइमलर-बेंझ कंपनी झाली आणि गाडीला 'मर्सिडीज-बेंझ' हे जोडनाव मिळालं.

१९३३ ते १९४५ हा काळ गाळून हा इतिहास सांगणं मला पटत नाही. शर्यतीच्या चंदेरी गाड्या, नेत्यांच्या मिरवणुकीतल्या '७७०' मॉडेलच्या प्रचंड गाड्या यांची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. पण त्याच कंपनीची डीबी ६०१ आणि डीबी ६०५ ही इंजिनं मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानात बसत होती, आणि ती बनवायला माणसं जबरदस्तीने आणली जात होती. १९४४ च्या अखेरीस कंपनीत ६३,६१० कामगार होते. त्यांतले जवळपास निम्मे वेठबिगार, युद्धकैदी किंवा छळछावण्यांतून आणलेले कैदी होते, हे कंपनीच्याच इतिहासात नोंदलेलं आहे. बर्लिनजवळच्या गेन्सहागेनच्या इंजिन कारखान्यात राव्हेन्सब्रुकच्या छावणीतल्या स्त्रियांना राबवलं गेलं. १९८० च्या दशकात कंपनीने इतिहासकारांना आपली दप्तरं उघडून दिली, पुढे भरपाईच्या निधीतही पैसे घातले. तोवर युद्ध संपून चाळीस वर्षं झाली होती आणि त्या स्त्रियांपैकी कित्येक हयात नव्हत्या. जर्मन शिस्तीचं कौतुक करताना ही पानंही वाचावीत.

आता सर्वांत मोठ्या गैरसमजाकडे येतो. आपल्याकडे मर्सिडीजची मजबुती म्हणजे जाड पत्रा. दार लावलं की आवाज कसा भरीव येतो, बॉनेटवर थाप मारली तर कसं ठणकत नाही, असं लोक कौतुकाने सांगतात. या कंपनीचं मोटारधंद्याला सगळ्यांत मोठं देणं मात्र नेमकं याच्या उलट आहे. ते देणं बेला बारेन्यी यांचं.

बारेन्यी व्हिएन्नाजवळच्या हिर्टेनबेर्गचे, १९३९ मध्ये डाइमलर-बेंझमध्ये लागले. त्या काळी सगळे मानत, की गाडी जितकी कडक तितका माणूस सुरक्षित. बारेन्यी यांनी विचार केला तो जोराचा. धावत्या गाडीत साठलेला जोर टक्कर झाल्यावर कुठेतरी जिरायलाच हवा. गाडी पुढून मागून सारखीच कडक असेल, तर ती न चेमटता जागच्या जागी थांबेल आणि सगळा धक्का आत बसलेल्या माणसाच्या छातीला आणि मानेला बसेल. म्हणून त्यांनी गाडीचे तीन भाग पाडले. मधली बैठकीची पेटी कडक. पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम असा, की तो चुरगळत जावा आणि चुरगळताना जोर खावा. या कल्पनेच्या पेटंटचा अर्ज १९५१ मधला. १९५९ मध्ये डब्ल्यू १११ (कंपनी प्रत्येक पिढीला असा 'डब्ल्यू' क्रमांक देते) ही मागे माशाच्या परांसारखे उभे उंचवटे असलेली सेडान आली, तेव्हा ही रचना पहिल्यांदा रस्त्यावर उतरली. दाराच्या कुलपाला धक्क्याने दार उघडू नये म्हणून पाचरीसारखी खीळ, स्टिअरिंगच्या मधोमध गादी, या गोष्टीही त्याच गाडीत. बारेन्यी यांच्या नावावर निवृत्तीपर्यंत अडीच हजारांहून जास्त पेटंटं जमली.

१९५९ मध्येच सिंडेलफिंगेनच्या कारखान्यात कंपनीने स्वतःच्या गाड्या अडथळ्यांवर आपटून पाहायला सुरुवात केली. आधी दोराने ओढून, मग १९६२ पासून गाडीच्या मागे गरम पाण्याचं रॉकेट लावून. १९६९ पासून कंपनीचे अभियंते स्टुटगार्टच्या आसपास अपघात झाला की प्रत्यक्ष जागेवर जाऊ लागले: गाडी कुठे चेपली, दार उघडलं का, माणसाचा गुडघा कशावर आदळला, हे मोजून लिहायचं. त्या नोंदींतून एक गोष्ट कळली. समोरासमोरच्या टकरीत दोन गाड्या नाकासमोर क्वचितच आदळतात. बहुतेक वेळा चालक शेवटच्या क्षणी स्टिअरिंग फिरवतो आणि एकच बाजू सापडते. म्हणून १९७९ ची एस-क्लास (कंपनीची सर्वांत वरच्या दर्जाची सेडान), डब्ल्यू १२६, पुढच्या रुंदीच्या फक्त ४० टक्के भागावर ताशी ५५ किलोमीटर वेगाने आपटली तरी आतली पेटी शाबूत राहील अशा बेताने बांधली. जगभरच्या चाचण्यांत अशी एका बाजूची टक्कर सक्तीची व्हायला पुढे कित्येक वर्षं लागली.

बॉशबरोबर बनवलेलं एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, १९७८ मध्ये एस-क्लासमध्ये आलं, चालकाची एअरबॅग दोन-तीन वर्षांत त्याच्या मागोमाग. आपल्याकडे नव्या गाड्यांत या दोन्ही गोष्टी सक्तीच्या झाल्या त्या २०१९ मध्ये. अपघातातून आलेली गाडी रॅम्पवर घेतो तेव्हा मी आधी पुढची दोन मेंबरं, म्हणजे सांगाड्याचे लांब दांडे, बघतो, कुठे घडी पडली आहे आणि दाराचा खांब सरळ आहे का. स्वस्तातल्या देशी गाडीतही ती घडी आता ठरल्या जागी पडलेली दिसते. पुढचा भाग चेपला म्हणून गाडी 'पत्र्याची' आहे असं कोणी म्हणालं, की मी त्याला हेच दाखवतो.

टिकाऊपणाचं नाव मात्र आणलं डिझेलने. १९३६ ची २६० डी ही मोठ्या संख्येने बनलेल्या पहिल्या डिझेल मोटारींपैकी एक, आणि पहिल्यापासून तिचं गिऱ्हाईक टॅक्सीवाले. युद्धानंतर तीच परंपरा पुढे चालली. १९७६ ची डब्ल्यू १२३ आली तेव्हा रांग एवढी लांब होती, की थोडी चाललेली गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त भावाने विकली जाई. दहा वर्षांत जवळपास २७ लाख गाड्या बनल्या. तिच्या आधीच्या पिढीतल्या एका २४० डी ने ग्रीसमध्ये थेसालोनिकीला टॅक्सी म्हणून ४६ लाख किलोमीटर केले. २००४ मध्ये कंपनीने ती संग्रहालयासाठी घेतली. ही गोष्ट सांगणारे एक तपशील गाळतात: त्या मालकाने इंजिनं आलटून-पालटून बसवली होती, एक गाडीत असताना दुसरं दुरुस्त होत असे. त्याने गाडीची थोरवी कमी होत नाही. एवढ्या किलोमीटरनंतरही बॉडीचे सांधे आणि माउंटिंग इंजिन उतरवून पुन्हा बसवण्याच्या लायकीचे राहिले, हे इंजिन टिकण्यापेक्षा दुर्मीळ आहे.

त्या २४० डी च्या घराण्यातलं इंजिन तुमच्या वडिलांनी नक्की ऐकलं असणार, कदाचित मर्सिडीजमध्ये पाय न ठेवताही. ओएम ६१६ हे चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सने, परवाना घेऊन इथे बनवलं. ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्ये तेच होतं. सातारा-सांगलीकडच्या वडापात माणसं दाटीवाटीने भरून, टपावर बाजाराची गाठोडी टाकून घाट चढणारी ती ट्रॅक्स आठवा. सकाळी हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मग स्टार्टर मारायचा, कारण या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या खोलीत पेटतं आणि तिथून सिलिंडरमध्ये येतं. ती खोली गार असेल तर इंजिन नुसतं घरघरतं. ताकद कमी, आवाज भरपूर. पण लोखंड जाड, सगळ्या चाली यांत्रिक, आणि गावातल्या मिस्त्रीला साध्या पान्यांनी खोलता येईल अशी रचना. स्टुटगार्टच्या टॅक्सीवाल्याला जे हवं होतं तेच वडापवाल्याला हवं होतं.

मर्सिडीजचं भारताशी नातं त्याच्याही आधीचं. १९५४ मध्ये टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डाइमलर-बेंझ यांच्यात पंधरा वर्षांचा करार झाला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक निघू लागले. घाटातल्या ट्रकच्या नाकावर तोच तारा असे. १९६९ मध्ये करार संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचा टी आला. आपल्या आजोबांच्या पिढीने 'मर्सिडीस' हा शब्द मालवाहू ट्रकसाठीच वापरला, आणि त्यांच्या मनातला भरवसा तिथून आलेला आहे. मोटारी आल्या त्या १९९५ मध्ये. टेल्कोबरोबरच्या भागीदारीत पिंपरी-चिंचवडला डब्ल्यू १२४ ई-क्लास जुळवायला सुरुवात झाली. चाकणचा स्वतंत्र कारखाना २००९ चा.

डब्ल्यू १२४ वर थोडं रेंगाळतो, कारण माझ्या मते कंपनीने बनवलेली ही सर्वांत सच्ची गाडी. १९८४ मध्ये ती जर्मनीत आली. तिचं बॉनेट दोन टप्प्यांत उघडतं: एरवी नेहमीसारखं, आणि खटका दाबला की सरळ आकाशाकडे उभं राहतं. मेकॅनिकला इंजिनावर वाकताना डोकं आपटू नये आणि उजेड पडावा, याचा विचार कुणीतरी केला होता. वायपर एकच. पण तो नुसता अर्धवर्तुळात फिरत नाही; बुडाशी बसवलेली गिअरची डबी त्याला कोपऱ्याकडे जाताना बाहेर ढकलते, मध्यावर आत ओढते आणि पुन्हा बाहेर ढकलते, त्यामुळे काचेचे वरचे दोन्ही कोपरे पुसले जातात. त्या डबीत वेळेवर ग्रीस घातलं तर ती तीस वर्षांनीही तशीच चालते. डॅशबोर्डवर ऑइलच्या दाबाचा काटा आहे. चांगल्या इंजिनात गाडी चालू लागली की तो वरच्या ३ च्या आकड्याला जाऊन टेकतो आणि तिथेच राहतो; गरम इंजिनाने सिग्नलला उभं असताना तो किती खाली येतो, हे पाहून इंजिनाची तब्येत सांगता येते. आताच्या गाडीत हा काटा नसतो, दिवा असतो, आणि दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

भारतात ही गाडी आली तेव्हा जर्मनीत तिची जागा घेणारी पुढची पिढी तयार झाली होती. जुनं मॉडेल आपल्या गळ्यात मारलं, अशी टीका तेव्हा झाली. आज मागे वळून पाहता आपल्याला या कंपनीचं उत्तम काम मिळालं, फक्त उशिरा.

मग बिघडलं कुठे? त्या काळापर्यंतची पद्धत अशी होती, की अभियंत्यांनी गाडी बनवायची आणि तिला किती खर्च आला ते पाहून किंमत लावायची. १९८९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत लेक्सस आणली. मर्सिडीजपेक्षा कितीतरी स्वस्त, तितकीच शांत, आणि दोष काढायला जागा नाही. १९९१ ची अवजड एस-क्लास त्याच वेळी अतिखर्चिक ठरली आणि युरोपात मंदी आली. १९९३ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली. जर्मन हिशेबाने त्या वर्षी ६१.५ कोटी मार्कांचा नफा होता. अमेरिकी पद्धतीने तोच हिशेब मांडला तर सुमारे १८४ कोटी मार्कांचा तोटा निघाला. यानंतर क्रम उलटा झाला: आधी बाजारातली किंमत ठरवायची, आणि गाडी त्या किमतीत बसवायची. यात वावगं काही नाही, बाकी सगळे तसंच करत होते. पण टिकाऊपणावर खर्च केलेला पैसा शोरूममध्ये दिसत नाही, त्यामुळे काटछाट तिथेच आधी झाली.

परिणाम १९९५ च्या डब्ल्यू २१० ई-क्लासमध्ये दिसले. गोल डोळ्यांची ती देखणी गाडी युरोपात चाकांच्या कमानींपाशी, दारांच्या कडांना गंजू लागली. पुढच्या स्प्रिंगची वरची बैठक वेल्डिंगपाशी गंजून तुटण्याचे प्रकार झाले. १९९३ ते १९९५ च्या बऱ्याच इंजिनांच्या वायरिंगवर निसर्गात विरघळेल असं आवरण वापरलं होतं. ते इंजिनाच्या उष्णतेने गाडी चालू असतानाच कुरकुरीत होऊन गळायचं. डब्ल्यू १२४ च्या शेवटच्या वर्षांतल्या गाड्याही त्यातून सुटल्या नाहीत, म्हणून ती गाडी घेणाऱ्यालाही मी साल विचारतो. पाच गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला 'आयुष्यभर ऑइल बदलायला नको' असं सांगितलं गेलं आणि मग कंपनीला ते मागे घ्यावं लागलं. त्याच गिअरबॉक्सच्या बाजूला वायरिंगचा तेरा पिनांचा प्लग बसतो. प्लगभोवती प्लास्टिकची एक बाही आणि रबराच्या दोन रिंगा असतात. त्या कडक झाल्या की ऑइल प्लगमध्ये शिरतं, तारांच्या आतून वर चढत जातं आणि कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. गाडी एका गिअरमध्ये अडकते आणि मालकाला सांगितलं जातं, की गिअरबॉक्स गेला. बाही अगदी किरकोळ किमतीत मिळते. आधी ती काढून बघावी, मग मोठ्या खर्चाचं बोलावं.

१९९७ मध्ये नवी ए-क्लास स्वीडनमध्ये अडथळा टाळण्याच्या चाचणीत उलटली. सुरक्षेच्या नावावर उभ्या असलेल्या कंपनीला याहून मोठी नामुष्की नाही. पण त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला मोलाचं वाटतं: विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं आणि तोवर महागड्या गाड्यांपुरतं असलेलं ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा, सगळ्या ए-क्लासला दिलं. लहान गाड्यांत ईएसपी रुळलं ते यामुळे. १९९८ च्या क्रायस्लरबरोबरच्या विलीनीकरणाबद्दल फार लिहीत नाही. सुमारे ३६ अब्ज डॉलरचा व्यवहार, आणि २००७ मध्ये त्यातला ८० टक्के हिस्सा ७.४ अब्ज डॉलरला विकून सुटका. वरिष्ठांचं लक्ष आणि पैसा तिकडे गेला, हे त्या वर्षांच्या गाड्यांवर दिसतं.

२००२ च्या डब्ल्यू २११ ई-क्लासमध्ये त्यांनी ब्रेक विजेवर नेले. पेडल दाबलं की संगणक ठरवणार आणि पंप दाब पुरवणार. या ब्रेकमुळे २००४ मध्ये ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २००५ मध्ये १३ लाख गाड्यांची दुसरी मोहीम निघाली, तीत ब्रेकबरोबर इतर विद्युत दोषही होते. २००६ मध्ये ई-क्लासमधून ही यंत्रणा काढून टाकली. कुणाला अशी जुनी गाडी मिळाली तर तिच्या मेकॅनिकने एक गोष्ट लक्षात ठेवावी: दार उघडलं तरी हा पंप आपणहून दाब भरू शकतो. ब्रेक पॅड बदलण्याआधी स्कॅनरने यंत्रणा बंद केली नाही आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये हात असला, तर बोटं गेलीच.

त्यानंतर कंपनीने घर आवरलं. डब्ल्यू २११ च्या उत्तरार्धातल्या आणि २००९ नंतरच्या डब्ल्यू २१२ गाड्या चांगल्या आहेत. गंजाचा प्रश्न बराचसा मिटला, वायरिंग सुधारलं. पण डिझेलच्या नावावर आणखी एक डाग लागायचा होता. प्रयोगशाळेत धूर स्वच्छ आणि रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड जास्त, या प्रकरणात फोक्सवॅगन २०१५ मध्ये सापडली. पुढे डाइमलरच्या, म्हणजे मर्सिडीजच्या, गाड्याही परत बोलवल्या गेल्या. २०१९ मध्ये स्टुटगार्टच्या सरकारी वकिलांनी देखरेखीतल्या हलगर्जीबद्दल ८७ कोटी युरोंचा दंड केला आणि २०२० मध्ये अमेरिकेत सरकारी यंत्रणांशी सुमारे दीड अब्ज डॉलरची तडजोड झाली. ज्या इंजिनाने ऐंशी वर्षं नाव राखलं त्याच इंजिनाबाबत हे व्हावं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

तुम्हाला मिळते आहे ती गाडी सालावरून डब्ल्यू २१२ दिसते, आणि डिझेल म्हणजे बहुधा ई २५० सीडीआय, त्यात ओएम ६५१ इंजिन. इंजिन मुळात दणकट आहे. सुरुवातीच्या वर्षांत त्यात डिझेल फवारणारे इंजेक्टर पायझो जातीचे होते, ते मोठ्या प्रमाणावर निकामी झाले आणि कंपनीने ते सोडून साधे सोलेनॉइड इंजेक्टर दिले. या गाडीत आता कोणते आहेत, बदलले असतील तर चारही बदलले का, हे कागदावर पाहा. दुसरं, या इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारी साखळी, पुढे नसून गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. नुसती चेन वरून ओढून बदलता येते. पण चेनला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे गाइड, झिजले असतील तर इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात आणि मजुरीचा आकडा तिथे फुगतो.

म्हणून गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगा, की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. गार इंजिन सुरू होताना पहिले दोन-तीन सेकंद मागच्या बाजूने, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीजवळून, साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येतो का ते ऐका. मग सावकाश चालवत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये धक्का जाणवतो का ते पाहा. शेवटी सर्व्हिसिंगच्या नोंदींची जॉब कार्डं मागा. त्यांत गिअरबॉक्स ऑइल बदलल्याची एकही नोंद नसेल, तर मालक कितीही सज्जन असो, ती गाडी सोडा आणि दुसरी शोधा. पुण्या-मुंबईत या पिढीच्या ई-क्लास विकायला भरपूर आहेत.